निकाल राखून ठेवला आहे

अण्णांचं रेशनकार्डावरचं नाव पेठेत कुणालाच ठाऊक नाही. ठाऊक असायची गरजही नाही, कारण कोल्हापुरातल्या प्रत्येक पेठेत, प्रत्येक तालमीच्या पायरीवर एक अण्णा असतातच. कुठं त्यांना तात्या म्हणतात, कुठं आबा, एवढाच फरक. वय साठ ते ऐंशीच्या मध्ये कुठंतरी मुक्कामाला थांबलेलं, अंगात पांढरा लेंगा-शर्ट, बारमाही मफलर आणि पायात कर्रकर्र वाजणाऱ्या वहाणा. आमच्या पेठेतले अण्णा पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले. ऑफिसात ते मोजकंच बोलत, असं त्यांचे जुने सहकारी शपथेवर सांगतात. घरी काकूंसमोर बोलायची सोय नाही. राधानगरी धरण भरलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. अण्णांचे रविवारी सकाळी साडेसहाला उघडतात. मग खालच्या भागातल्या लोकांनी आपापलं बघावं.

पहिला विसर्ग गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर. म्हैस समोर उभी, धार डोळ्यांदेखत काढलेली, पेल्यावर बोटभर फेस. अण्णा दूध पितात, मिशी पुसतात आणि म्हणतात, "पहिल्यासारखं दूध राहिलं न्हाई."

"अण्णा, म्हस तीच हाय की," मालक म्हणतो.

"म्हस तीच असंल. वैरण बदलली."

वैरणीवरून गाडी रासायनिक खतावर जाते, तिथून साखर कारखान्यावर, तिथून दिल्लीवर आणि पेला विसळून होईपर्यंत अण्णा पृथ्वीच्या तापमानवाढीपाशी पोचलेले असतात. मालकानं खुंटीला क्यूआर कोडची पाटी अडकवली, तेव्हा अण्णांनी सगळ्यात जास्त विरोध केला होता. "म्हशीला ह्यातलं काय कळतंय?" आता ते फोनवरूनच पैसे देतात आणि डब्यातली बाई रक्कम मोठ्यानं सांगेपर्यंत जागचे हलत नाहीत. आपला व्यवहार चारचौघांत इतक्या स्पष्ट शब्दांत जाहीर व्हावा, हे भाग्य त्यांना पाटबंधारे खात्यात लाभलं नव्हतं.

मग अंबाबाईचं दर्शन, मग मटणाची रांग, आणि पिशवी घरी पोचती करून नऊच्या ठोक्याला तालमीचा कट्टा. इथं अण्णा अध्यक्ष. त्यांना कुणी निवडलेलं नाही, त्यामुळं काढताही येत नाही. कट्ट्याची घटना अलिखित आहे आणि तिचं पहिलं कलम असं : कुठल्याही वादाचा निकाल लागता कामा नये. निकाल लागला की माणसं उठून घरी जातात.

हे कलम अण्णांना किती जिव्हाळ्याचं आहे, ते मध्यंतरी दिसलं. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं खंडपीठ पाहिजे, ही मागणी चार दशकांहून जुनी. अण्णांनी तिच्यावर उमेदीचे रविवार खर्ची घातले. मोर्चे झाले, धरणी झाली, साखळी उपोषणं झाली. कोल्हापुरात एखाद्या प्रश्नाला कृती समिती नसली तर तो प्रश्नच धरला जात नाही. अखेर 17 ऑगस्ट 2025 रोजी, तेही रविवारीच, सर्किट बेंचचं उद्घाटन झालं. पेठेत पेढे वाटले. अण्णांनी दोन खाल्ले, पण चेहरा घरातलं कुणी परगावी गेल्यासारखा. "झालं ते ब्येसच झालं," ते म्हणाले, "पण आता बोलायचं कशावर?" पुढच्या रविवारी मात्र ते झपाझप वहाणा वाजवत आले. "सर्किट बेंच म्हंजे कायमचं खंडपीठ न्हवं बरं का!" कट्ट्यानं सुटकेचा श्वास सोडला. चार दशकांची पुन्हा सोय झाली.

खेळाच्या बाबतीत अण्णा साक्षीदार आहेत. कशाचे, ते विचारू नये. 18 जून 1983 रोजी टनब्रिज वेल्सला कपिल देवनं झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद 175 केले, ती खेळी अण्णांनी शेजारच्या घरातल्या टीव्हीवर पाहिली, असं ते वर्षानुवर्षं सांगत. 5 बाद 17 वर जनता कशी गप्प झाली, 6 षटकार कुठं कुठं पडले, एक चेंडू झाडीतनं कसा शोधून आणला, सगळं अभिनयासह. एका रविवारी एका पोरानं फोनमध्ये बघून सांगितलं, "अण्णा, त्या दिवशी बीबीसीचा संप होता. त्या मॅचचं चित्रीकरणच न्हाई. जगात कुणीच टीव्हीवर बघितली न्हाई."

कट्टा गार. अण्णांनी मफलर सारखा केला. "संप बीबीसीचा हुता," ते शांतपणे म्हणाले, "आमचा न्हवता."

त्याच दिवशी घटनेत दुरुस्ती झाली : कट्ट्यावर फोन खिशात राहील. कारण आरोग्याचं दिलं गेलं. डोळ्यांना वाईट असतो म्हणे.

क्रिकेट मात्र इथं पाहुणं. घरचा खेळ फुटबॉल. बाकीच्या महाराष्ट्रात तालमीत कुस्ती खेळतात. आमच्याकडं पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही फुटबॉलच्या संघांची नावं आहेत आणि शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठेतली लग्नं तारीख विचारून ठरतात. कुठलाही जागतिक खेळाडू अण्णा एकाच कसोटीवर घासतात : "शाहू स्टेडियमवर, भर एप्रिलात, दुपारच्या उन्हात खेळून दाखवावं." या कसोटीवर अजून युरोपातला कुणी उतरलेला नाही, कारण कुणी आलेलाच नाही.

2022 चा विश्वचषक आला तेव्हा चौकात मेस्सी, नेमार आणि रोनाल्डो पुढाऱ्यांपेक्षा उंच उभे होते. 18 डिसेंबरच्या रविवारी अर्जेंटिना आणि फ्रान्सची अंतिम लढत. सकाळी पोरं अण्णांकडं आली. मेस्सीच्या नावानं देवीला अभिषेक करायचा होता, पण गोत्रापाशी गाडी अडली होती. अण्णांनी क्षणभर डोळे मिटले. "गोत्र ठाऊक नसलं की काश्यप लावायचं. शास्त्रच हाय तसं." रात्री 3-3 अशी बरोबरी होऊन सामना पेनल्टीवर गेला आणि काश्यपगोत्री मेस्सी 4-2 नं विश्वविजेता झाला.

पुढच्या रविवारी मास्तरांनी शंका काढली, "पण अण्णा, एम्बापेनं तर तीन गोल मारले. मग तो का हरला?"

"त्याची पावती कुणी फाडली हुती?" अण्णा म्हणाले.

हे मास्तर म्हणजे कट्ट्यावरचा विरोधी पक्ष. विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, देव न मानणारे. माघातल्या रविवारी कोल्हापूरकर ज्योतिबाच्या डोंगरावर चालत जातात, त्याला खेटे म्हणतात. अण्णा पाचही खेटे घालतात. मास्तरही घालतात, फक्त ते त्याला व्यायाम म्हणतात. दोघं एकाच पहाटे एकत्र निघतात, देव आहे की नाही यावर डोंगर चढेपर्यंत भांडतात, गुलालानं सारखेच लाल होतात आणि सोमवारी दोघांचेही गुडघे एकाच डॉक्टरकडं जातात.

अण्णांची स्वतःची श्रद्धा हिशेबाची आहे. सोमवार महादेवाचा, मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचे, गुरुवार दत्तगुरूंचा, शनिवार मारुतीचा. उरला बुधवार. आणि रविवार? रविवार तर साक्षात ज्योतिबाचा! पण रविवारी घरात तांबडा-पांढरा रस्सा झाला नाही तर कोल्हापुरात आठवडा संपल्याचं धरत नाहीत. या धर्मसंकटातून अण्णांनी वाट काढलीय. पहाटे वाडी रत्नागिरीच्या दिशेला तोंड करून तीनदा "चांगभलं" म्हणायचं. सूर्य उगवला की देवाचा वार संपला, आपला सुरू. काकूंना हे मान्य नाही. "देव काय पाटबंधारे खात्यात हाय व्हय, पाळीनं सुटायला?" असं म्हणत त्या खोबरं-खसखस वाटत असतात. "आणि मी सकाळपास्नं पाट्यावर बसलोय त्याचा वार कंचा?" या प्रश्नावर अण्णांनी आजवर एकही मत दिलेलं नाही.

नोव्हेंबरातल्या किरणोत्सवाला तर श्रद्धा, विज्ञान आणि महापालिका तिन्ही एका ओळीत येतात. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि पहिल्या दिवशी देवीची पावलं, दुसऱ्या दिवशी कंबर-छाती, तिसऱ्या दिवशी मुख उजळतं. उजळलं तर देवीची कृपा. नाही उजळलं तर कट्ट्याला आठवडाभराचं काम. मास्तर म्हणतात, मधल्या इमारतींचा अडथळा. पोरं म्हणतात ढग. अण्णा हल्ली "आर्द्रता" म्हणतात. हा शब्द त्यांनी वाहिनीवर ऐकला आणि आवडला म्हणून ठेवून घेतला. आता सोहळा ते घरी टीव्हीवरच बघतात, पण बसण्याआधी वहाणा काढून ठेवतात आणि आरती झाल्यावर रिमोटला नमस्कार करतात.

छापील बातमीशी मात्र त्यांचं नातं जुनं. कट्ट्यावर पेपर एकच येतो आणि आला की त्याच्या वाटण्या होतात : खेळाचं पान पोरांना, अग्रलेख मास्तरांना, जाहिराती चहावाल्याला. अण्णा निधनवार्ता घेतात. "कोण गेलं ते आधी बघावं. मग कोण काय म्हणालं ते." टीव्हीवरच्या चर्चा त्यांना सहन होत नाहीत. आठ चौकटींत आठ माणसं एकदम ओरडतात यावर त्यांचा आक्षेप नाही, कट्ट्यावरही तेच चालतं. "पण हितं भांडून झाल्यावर सगळी एकाच किटलीतला च्या पित्यात. त्यांचं किटलीचं काय?" असं विचारतात. याला उत्तर कुठल्याच वाहिनीकडं नाही.

ऑलिम्पिक निघालं की मात्र अण्णा एकही शब्द वाढवून सांगत नाहीत. 1952, हेलसिंकी, खाशाबा जाधव, कुस्तीत कांस्य. खाशाबांच्या प्रवासखर्चासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, हे सांगताना आवाज खाली येतो. मग 2024, पॅरिस, आपल्या राधानगरी तालुक्यातला स्वप्निल कुसाळे, नेमबाजीत कांस्य. मधे 72 वर्षं. "म्हंजे पुढचं 2096 ला," ते बोटांवर मोजून सांगतात. "थांबू की. आपल्याला कुठं जायचंय?"

या माणसाची थट्टा करणं सोपं आहे, पण जुलै लागला की पेठ त्यांची थट्टा करत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. पाणी चढायला लागलं की प्रत्येकाच्या फोनवर बुडालेल्या दुकानांचे फोटो फिरतात आणि घराघरांत धावपळ उडते. तेवढ्यापुरता फोन कट्ट्यावर चालतो. अण्णा चष्मा कपाळावर सरकवून फोटो निरखतात. "ही 2019 ची. तवा पाणी 55 फुटांच्या वर गेलं हुतं, ह्या पाटीचं अक्षर दिसत न्हवतं. आजची न्हाई ही." धरणातून किती विसर्ग, तो किती तासांत इथं पोचणार, कुठली गल्ली आधी, कुठली नंतर, सगळं तोंडपाठ. चार वाजता ते म्हणतात, "रात्रीपतोर सामान माळ्यावर टाका," आणि मास्तरांसकट सगळे उठून सामान माळ्यावर टाकतात. वर्षभर कुठल्याच वादाचा निकाल लागू न देणारा माणूस त्या दिवशी एका वाक्यात निकाल देतो आणि त्यावर अपील होत नाही. बाकीचे पन्नास रविवार लोक त्यांचं ऐकून घेतात, ते बहुधा या एका दिवसाच्या खात्यावर.

पाणी ओसरलं की ते पुन्हा मूळपदावर. परवा त्यांचा नातू पुण्याहून आला. त्यानं नियम धाब्यावर बसवून फोन काढला. म्हणाला, "आजोबा, यात आता नुसतं विचारायचं. माणसासारखं बोलतं." बघता बघता त्या यंत्रानं कट्ट्यावरचे तीन जुने वाद मिटवले. मास्तरांचं तोंड पडलं. पोरं उठायच्या बेतात. चहावाला किटली उचलून निघाला. अध्यक्षांनी प्रसंग ओळखला.

"विचार त्याला," अण्णा म्हणाले, "तांबडा रस्सा भारी का पांढरा?"

नातवानं विचारलं. यंत्र गोड आवाजात बोलायला लागलं. दोन्ही रश्श्यांची आपापली परंपरा आहे, दोन्हींचे चाहते आहेत, तांबड्यात झणझणीतपणा आहे तर पांढऱ्यात सौम्यता, शेवटी हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे आणि दोन्ही बाजूंचा आदर राखला पाहिजे.

कट्टा थक्क झाला. इतकं बोलून इतकं काहीच न बोलणं पेठेनं फार दिवसांत ऐकलं नव्हतं. अण्णांनी फोन हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि नातवाला परत दिला.

"कट्ट्यावर नको ह्याला," ते म्हणाले. "महापालिकेला उभा करा. बिनविरोध येतोय."

चहावाल्यानं किटली परत खाली ठेवली.