समुद्राचा अनुशेष

विदर्भाला काय काय मिळालं नाही, याची यादी नागपुरात शेंबड्या पोरालाही पाठ असते. १९५३ चा नागपूर करार झाला, १९८४ चा वि. म. दांडेकर समितीचा अहवाल झाला. सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण अशा एकेका खात्याची तूट मोजून समितीने राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटींवर नेऊन ठेवला. पण एवढे विद्वान लोक बसले असताना एक बाब राहूनच गेली. समुद्र. सगळा किनारा कोकणाला, विदर्भाला शून्य. सरकार काही करेल याची वाट न बघता आमच्या त्रिमूर्तीनगरातल्या एका कुटुंबाने यंदा हा अनुशेष स्वखर्चाने भरून काढायचा ठराव केला आहे. लक्षद्वीपची क्रूझ. आणि ती कुणासाठी, तर घरातल्या साडेतीन वर्षांच्या बारक्यासाठी.

शेजारधर्म म्हणून मी त्यासाठी घरात भरणाऱ्या बैठकांचा कायम निमंत्रित सदस्य आहे. मताचा अधिकार नाही, चहाचा आहे.

अध्यक्षस्थानी अर्थातच आबा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस साधं किराणा सामान आणायलाही प्रस्ताव, अंदाजपत्रक आणि मान्यता या क्रमाने जातो. त्यांनी प्रास्ताविकातच इतिहास काढला. म्हणाले, नागपूरला समुद्र नव्हता हे साफ खोटं. १७५१ साली अलीवर्दीखानाने ओडिशा रघुजीराजे भोसल्यांना दिला, तेव्हापासून पुरी आपली, बालासोर आपलं. १८०३ ला देवगावच्या तहात इंग्रजांनी ते काढून घेतलं. "बावन्न वर्षं समुद्र होता जी आपल्याकडे. कुणी आंघोळीला तरी गेलं का?"

त्यानंतर आपल्या वाट्याला आला झिरो माइलचा खांब. त्या खांबाशेजारच्या दगडावर जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल, हैदराबाद अशी गावं आणि त्यांची अंतरं कोरलेली आहेत. बंदर एकही नाही. समुद्राचा तिथे संबंध येतो तो एवढाच, की हा दगड समुद्रसपाटीपासून १,०२०.१७१ फूट उंच आहे. दशांश चिन्हापुढे तीन आकडे. ज्या गोष्टीशी आपला काडीचा संबंध नाही, तिच्यापासूनचं अंतर आपण किती काटेकोर मोजतो बघा.

बरं, सत्ता आपल्याकडे नव्हती म्हणावं, तर तेही नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई ते गोवा 'आंग्रिया' ही क्रूझ सुरू झाली, तेव्हा देशाचे जहाज वाहतूक मंत्री नितीन गडकरी नागपूरचे आणि राज्याचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसही नागपूरचेच. जहाज मात्र मुंबईच्या धक्क्यावरून सुटलं, आणि पुढे बंदही पडलं. विदर्भाला बंदर दिलं नाही असं मात्र कुणी म्हणू नये. वर्धा जिल्ह्यात सिंदीला दिलं आहे. फक्त ते कोरडं बंदर आहे. फुटाळ्याचं म्हणाल, तर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच शिक्कामोर्तब केलं, की हा भोसलेकालीन तलाव मानवनिर्मित असल्याने नियमांच्या व्याख्येतली पाणथळ जागा नाही. म्हणजे आमच्याकडे बंदर आहे ते कोरडं, आणि तलाव आहे तो पाणथळ नाही. अशा गावातल्या पोराने समुद्र पाहू नये तर काय करावं?

"पोट्ट्याले समुद्र दाखवाचा आहे," हे वाक्य प्रत्येक बैठकीत एकदा तरी उच्चारलं जातं. बहुधा खर्चाचा नवा आकडा पुढे येण्याच्या अगदी आधी. आबांची सगळी हयात धरणांवर गेली, त्यामुळे त्यांना ही पद्धत घरचीच. कुठलंही धरण शेतकऱ्यासाठी असतं. गोसेखुर्दचं मूळ अंदाजपत्रक ३७२ कोटींचं होतं, १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, आणि खर्च अठरा हजार कोटींच्या पुढे गेला तरी कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी पाण्याची वाटच बघतो आहे. मधल्या काळात दर थोड्या वर्षांनी एक कागद निघतो. त्याचं नाव सुधारित प्रशासकीय मान्यता, खात्याच्या लाडक्या भाषेत 'सुप्रमा'.

क्रूझच्या मूळ अंदाजपत्रकात तीन माणसं होती. आई, बाप, बारक्या. पहिल्या सुप्रमात आबा-आजी आले, कारण नातवाला सांभाळायला कुणी नको का? दुसऱ्या सुप्रमात अमरावतीचे आजी-आजोबा आले, कारण एका बाजूचे गेले आणि दुसऱ्या बाजूचे राहिले, तर तो वेगळाच अनुशेष झाला असता. तिसऱ्यात वर्धेचे काका-काकू. त्यांचं समर्थन अजून फाइलवर आलेलं नाही. प्रत्येक टिपणीत लाभार्थी म्हणून नाव मात्र एकाच माणसाचं, आणि तो माणूस त्या वेळी सोफ्याखाली शिरून चपला चाटत असतो.

मार्गाचा अभ्यास बारक्याच्या बापाने केला. आयटीतला माणूस, तक्ते काढण्यात वाकबगार. त्याच्या सादरीकरणातून कळलं, की लक्षद्वीपची बेटं छत्तीस, त्यांतली वस्तीची दहा, आणि सगळ्यांची मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. नागपूर महापालिकेची हद्द २२७. "म्हणजे आपल्या नागपुरात सात लक्षद्वीप बसतात," आबा म्हणाले, आणि क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव आला की एवढ्याशा गावाला कशाला जायचं. शिवाय तिथे शिरायला परवाना लागतो. पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला काढावा लागेल असं कळल्यावर सगळ्यांनी एकदम काकांकडे का पाहिलं, ते मी विचारलं नाही.

जायचे रस्ते दोन. एक, मुंबईहून सुटणारं खासगी जहाज. त्यावर अकरा मजले, कॅसिनो, नाचगाणी, जैन जेवण. हे जहाज १९९० साली सेवेत दाखल झालेलं, म्हणजे बारक्याच्या आईपेक्षा वयाने मोठं, पण रंगरंगोटी दोघींचीही वेळच्या वेळी, असं तिचा नवरा म्हणाला. त्यानंतर बैठक काही काळ तहकूब झाली. दुसरा रस्ता कोचीहून सरकारी जहाजाचा. दिवसा बेटावर, रात्री जहाजावर, रोज नवं बेट. कोचीकडे जायला केरळ एक्स्प्रेस नागपूरवरून जातेच. पण सरकारी जहाजात कॅसिनो नाही हे कळताच काकांना सुरक्षिततेची चिंता वाटू लागली.

काकांचा खरा प्रश्न पुढे होता. लक्षद्वीपमध्ये बंगारम बेट सोडलं तर दारूबंदी. ज्या माणसाची उभी नोकरी वर्धा जिल्ह्यात गेली, त्याच्यावर हा घाव केवढा बसला असेल! "आयुष्यभर दारूबंदीत राह्यलो, आता एवढे पैसे मोजून, पान्यातून जाऊन, पुन्हा दारूबंदीतच उतराचं?" बेटापेक्षा जहाजावर जास्त वेळ काढावा, असा एक ठराव त्यांनी मांडला. अमरावतीच्या आजोबांनी काही न बोलता अनुमोदन दिलं.

मग आला मुहूर्ताचा प्रश्न, आणि तिथे खरा प्रादेशिक अन्याय बाहेर पडला. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीला उघडतात. म्हणजे सगळ्यांत लांब सुट्टी आपल्या पोरांची. आणि नेमकी त्याच वेळी मोसमी वाऱ्यांमुळे पश्चिम किनाऱ्यावरची प्रवासी वाहतूक आटोपते. मे सरता सरता सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही बंद. शेहेचाळीस अंशांत पोरगं घरात कूलरसमोर बसलेलं असतं तेव्हा समुद्राला सुट्टी. समुद्र उघडतो तेव्हा पोराची सहामाही. उरली दिवाळी, आणि दिवाळीत दर असे, की तिसरी सुप्रमा मंजूर होण्याआधीच चौथीची टिपणी लिहायला घ्यावी लागली.

चौथी टाळण्यासाठी बापाने काटकसर सुचवली. आतल्या बाजूच्या खोल्या घेऊ. त्यांना खिडकी नसते, म्हणून स्वस्त. मी निमंत्रित असल्याने गप्प होतो, पण आजींना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "बिनखिडकीची खोली धंतोलीच्या दवाखान्यात बी भेटते, समुद्रावर कायले जाता?" आजींचं माहेर रेवसचं. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, त्यात त्यांच्या आळीतली माणसं गेली. साठ वर्षं नागपुरात काढून भाषा पार वऱ्हाडी झाली, पण पाण्याची भीती आणि पाण्याची ओढ दोन्ही तशीच आहेत. या घरात समुद्र माहीत असलेलं माणूस ते एकच. त्यामुळे त्यांचं मत मागवण्यात आलेलं नाही.

शेवटच्या बैठकीत विषय होता लाभार्थी. म्हणजे इतक्या दिवसांनी बारक्याची फाइल पहिल्यांदा उघडली. जहाज कंपन्यांची नियमावली मोठ्याने वाचली गेली. सहा महिन्यांच्या आतलं बाळ बहुतेक जहाजांवर चालत नाही. तो अडसर बारक्याने स्वकष्टाने पार केलेला होता. पण डायपर घालणाऱ्या मुलांना तरण तलावात मनाई. मुलं सांभाळायच्या खोलीत ठेवायचं, तर त्याला शी-शू सांगता यायला हवी. आता या सदस्याला हागणदारीमुक्तीचं प्रमाणपत्र अजून मिळालेलं नाही. दिवसा तो मुक्त असतो, रात्री पुनर्विचार करतो. शिवाय बेटांभोवती प्रवाळाचं कडं असल्याने मोठं जहाज लांबच थांबतं, आणि तिथून हलत्या शिडीवरून छोट्या होडीत उतरावं लागतं. पोराला कडेवर घेऊन कोण उतरणार? बापाची पाठ दुखते. आईला उंचीची भीती. आबा म्हणाले, त्यांचा अनुभव स्थिर पाण्याचा आहे.

"अन् त्याले बोट लागली तं?" अमरावतीच्या आजींनी विचारलं. "रामटेकले जाताना गाडी लागते त्याले. मनसरपर्यंत दोनदा थांबा लागते."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काकांनी घसा साफ केला. प्रस्ताव मांडायची त्यांची ढब अशी, की ऐकणाऱ्याला वाटावं आपल्याच मनात होतं. त्यांचं म्हणणं, पोट्टं लहान आहे, त्याला काही आठवणार नाही, उगाच त्याचे हाल. उमरेडची आत्या त्याला मायेने सांभाळेल. तिच्याकडे गाय आहे. आपण एकदा जाऊन सगळी पाहणी करून येऊ, म्हणजे पुढे तो मोठा झाला की त्याला नेणं सोपं जाईल.

अभ्यास दौरा! आबांचा चेहरा असा उजळला, जणू त्यांना पुन्हा सेवेत रुजू करून घेतलं. आईने दोन मिनिटं डोळ्यांना पदर लावला आणि मग वाचलेल्या अर्ध्या तिकिटात बाल्कनीची खोली बसते का, असं विचारलं. बसत होती. विरोध नोंदवला तो आजींनी, आणि फोनवरून उमरेडच्या आत्याने. दोघींचाही आवाज कार्यवृत्तात अस्पष्ट आहे.

बारक्यासाठी जहाजावरून कप्तानाची टोपी आणायची, हे सर्वानुमते मंजूर झालं. टोपीचा खर्च चौथ्या सुप्रमात.