अजून दोन वर्षं

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मराठी माणूस शोधावा लागत नाही. पण गॅरेजचं दार हातभर वर, आत एक खुर्ची, खुर्चीत जाड स्वेटर, त्यावर कानटोपी आणि समोर चार काड्यापेट्या असं दिसलं, तर ते नाना असं खुशाल समजावं. घरात ओढायला वहिनींची मनाई, ऑफिसात आणि हॉटेलांत 2006 च्या कायद्याने सरकारची. या दोन सत्तांच्या तावडीतून सुटलेला मुलूख म्हणजे गॅरेज. गाडी बाहेर बर्फात उभी असते.

नाना पाइप ओढतात असं लोक म्हणतात. मला ते तितकंसं पटत नाही. त्यांचा पाइप बहुतेक वेळ विझलेलाच असतो. नाना तंबाखू मागवतात, हुंगतात, बरणीत भरतात, बरणीवर तारीख घालतात, फळीवर लावतात, पुन्हा काढून हुंगतात आणि तिच्यावर बोलतात. मधूनच कधीतरी पेटवतात, तीही बोलण्याला पुरावा म्हणून. चार झुरके, नजर छताकडे, मग निकाल. निकाल ठरलेला. "आहे चांगली. पण अजून दोन वर्षं लागतील."

मोठ्या कंपन्यांच्या तंबाखूला ते हात लावत नाहीत. चेरी आणि व्हॅनिलाचा वास मारणारी जी दुकानात पिशवीतून मिळते, तिला ते 'बडीशेप' म्हणतात. त्यांची तंबाखू येते पेनसिल्व्हेनियातल्या एका आडगावाहून. तिथे एक गृहस्थ एका शेडमध्ये एकटाच पानं ओलावतो, दाबतो, कापतो, मिसळतो आणि एका खेपेला मोजके डबे भरतो. आपल्याकडे घराण्याचा सोनार असे, तसा नानांच्या घराण्याला हा तंबाखूवाला आहे. नाना त्याचं नाव घेत नाहीत, 'माझा माणूस' म्हणतात. माझ्या माणसाने नवीन काढलंय, असा फोन आला की शनिवारी गॅरेजमध्ये हजर व्हायचं असतं.

पूर्वी हा माणूस नव्या मिश्रणाची चिमूट पाकिटातून धाडायचा. 2016 मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने पायपाच्या तंबाखूवरही आपला अंमल बसवला आणि फुकट नमुने बंद झाले. त्यामुळे आता चव पाहायची तर अख्खा डबा घ्यावा लागतो, दोन औंसांचा, म्हणजे सत्तावन्न ग्रॅमचा. नाना तीन घेतात. एक उघडायला, एक मुरवायला आणि एक 'माझ्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर' म्हणून. माणूस चाळिशीतला आहे आणि रोज पळायला जातो. नाना त्र्याहत्तरचे आहेत.

डबा उघडण्याचा विधी असतो. नाण्याची कड झाकणाखाली घालायची, फुस्स आवाज झाला की 'ऐकलंस?' म्हणायचं, मग डोळे मिटून एकच दीर्घ श्वास. त्यानंतर डबा पाहुण्याच्या नाकाखाली येतो आणि प्रश्न येतो, "काय येतंय?" तोंडी परीक्षेला बसलेल्या माणसांचे चेहरे मी या गॅरेजमध्ये पुष्कळ पाहिले. तंबाखूच्या डब्यातून तंबाखूचाच वास येतोय असं सांगणारा तिथेच नापास. कोणी गवत म्हणतो, कोणी चामडं. एका अनुभवी पाहुण्याने मला हळूच सांगून ठेवलंय की 'अंजीर' म्हणावं, दहापैकी आठ वेळा चालतं.

ते का चालतं, हेही नानांनीच शिकवलं. लुइझियानात सेंट जेम्स परगण्यात पेरीक नावाची तंबाखू होते. ओली पानं व्हिस्कीच्या जुन्या पिंपांत दाबून भरायची, वर स्क्रूचा दाब द्यायचा, मधूनमधून काढून वारा दाखवायचा, पुन्हा दाबायची. आपल्याच रसात पान वर्षभर आंबतं, काळं होतं आणि त्याला सुक्या अंजिराचा, आलुबुखाराचा वास येतो. ओढली की नाकात मिरी. नुसती ओढवत नाही, म्हणून व्हर्जिनियाच्या गोड पानात थोडी घालतात. नानांचा माणूस बऱ्याच डब्यांत ती घालतो, म्हणून अंजीर.

या परीक्षेत एकदाच कोणीतरी पहिल्या वर्गात पास झालं. पुण्याहून नुकताच आलेला एक मुलगा होता. नानांनी ठेवणीतला मॅक्लेलंडचा डबा काढला. बाकीची मंडळी 'गुलाब' आणि 'जुनं पुस्तक' करत असताना त्याने वास घेतला आणि अजाणता म्हणाला, "केचप." सगळे दचकले. नानांनी त्याला मिठी मारली. कॅन्ससमधल्या नव्हे, मिझुरीतल्या कॅन्सस सिटीच्या या कंपनीची लाल व्हर्जिनिया व्हिनेगरच्या त्या वासासाठीच जगभर ओळखली जायची. मुलाने पुढे "सामोसे आहेत का?" असं विचारलं, तेही नानांनी कौतुक म्हणून घेतलं. कंपनी 2018 मध्ये बंद पडली. ती बातमी नानांनी मला फोनवर ज्या आवाजात दिली, त्यावरून मी 'कधी नेलं?' असं विचारणार होतो.

त्यांचं खरं दुःख मात्र पेन्झन्स. ही तंबाखू करते जर्मेन नावाची 1820 पासूनची पेढी, इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर. अमेरिकेत ती क्वचित येते आणि आल्या दिवशी संपते. सर जॉर्ज कार्टरेट या त्या बेटावरच्या माणसाला 1664 मध्ये इकडच्या वसाहतीत वाटा मिळाला, म्हणून हिचं नाव न्यू जर्सी पडलं. नाव इकडे आलं आणि तंबाखू तिकडेच राहिली, हा नानांच्या मते इतिहासाने जर्सीकरांवर केलेला उघड अन्याय आहे. पेन्झन्सचा एक डबा त्यांच्याकडे आहे. तो उघडलेला कोणी पाहिला नाही. मुलीच्या लग्नात उघडणार होते, मग नातू झाल्यावर. आता नातू कॉलेजात आहे.

मुलगी डॉक्टर आहे. जीभ, ओठ, घसा, सगळ्यांच्या कर्करोगाची माहिती ती दर भेटीत देते. नाना म्हणतात, "मी धूर छातीत घेत नाही." ती म्हणते, "तोंडात तर घेता ना?" यावर नाना पाइप तोंडातून काढतात आणि विझलाय हे तिला दाखवतात. त्यांच्या बाजूने इतकंच म्हणता येईल, की एवढी थोडी तंबाखू इतक्या कष्टाने ओढणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. मुद्दा अर्थातच मुलीचा बरोबर आहे.

कष्ट म्हणजे काय ते सांगतो. भरायचे नियम तीन: पहिली चिमूट पोराच्या हाताने, दुसरी बाईच्या, तिसरी पुरुषाच्या. म्हणजे दाब हळूहळू वाढवत न्यायचा. हे इंग्रजांचं शास्त्र. मग एक काडी नुसती वरचा थर करपवायला, ती खरी पेटवणी नव्हे. पान फुगून वर येतं, ते पितळी दट्ट्याने दाबायचं. दुसरी काडी खरी. तेवढ्यात नानांना काहीतरी आठवतं. ते बोलू लागतात, पाइप विझतो, तिसरी काडी.

आठवतं ते बहुधा स्टीफन. 1839 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅस्वेल परगण्यात स्लेड नावाच्या मळेवाल्याकडे स्टीफन हा गुलाम पानं सुकवायच्या कोठारातली आग सांभाळत होता. रात्री त्याला झोप लागली. जागा झाला तो आग विझत आलेली. घाबरून त्याने भट्टीवरचा लोणारी कोळसा आणून टाकला, एकदम धग चढली आणि पानं सोन्यासारखी पिवळी झाली. आज व्हर्जिनिया म्हणून जे पिवळं पान विकलं जातं, त्याचा उगम ही झोप. नाव झालं आणि पैसा झाला तो मालकाचा. हे सांगताना नानांचा आवाज खरोखर बदलतो. एकदा वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनी ऐकलं. म्हणाल्या, "तुम्हीही इतकी वर्षं याच खुर्चीत झोपताय. तुमच्या हातून नाही काही लागलं ते!"

वहिनींचा आणि तंबाखूचा संबंध फळीपुरता. वरच्या फळीवर नानांच्या बरण्या, खालच्या फळीवर वहिनींचं लिंबाचं लोणचं. काचेच्या बरण्या दोघांच्या एकाच दुकानातल्या, चिकटपट्टीवर तारखाही एकाच पेनाने. गणपतीत एकदा पंगत बसल्यावर भाच्याने लोणचं म्हणून जी बरणी आणली, तिच्यात सायप्रसची लताकिया होती, धुरावर टांगून काळी केलेली. तेव्हापासून वरच्या फळीवर वहिनींच्या अक्षरात पाटी आहे: 'हे खायचं नाही.' इतक्या वर्षांत वहिनींनी एकाच तंबाखूचं कौतुक केलं. इंग्लंडमधल्या केंडल गावची, फुलांचे अर्क घातलेली. 'मोती साबणासारखा वास येतो, ही बरी आहे,' म्हणाल्या. नानांनी ती त्याच दिवशी देऊन टाकली.

आता मूळ दुखण्याकडे येतो. 1907 मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर आल्फ्रेड डनहिलने दुकान काढलं. गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे मिश्रण करून द्यायचं आणि कृती वहीत नंबर घालून टिपून ठेवायची, ही त्याची पद्धत. त्यातलं 965 नंबरचं आजही विकतात. नानांना वाटतं, आपलाही कुठल्या तरी वहीत नंबर असावा. आणि त्यासाठी आपल्याकडे असं काही पान आहे, जे डनहिलच्या बापाकडे नव्हतं.

कारण नाना मूळचे निपाणीचे. वडील तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस होते. तिथली तंबाखू विडीची, उन्हात वाळवलेली, काठीने झोडून चुरलेली. हंगामात सगळा बाजार शिंकायचा. वडील संध्याकाळी घरी आले की आजी त्यांना परड्यात उभं करून, कपडे तिथेच उतरवून, अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसे. इंजिनियर होऊन या वासातून सुटलो, असं नाना चाळीस वर्षं सांगत होते. आता त्यांचा कोट वहिनी गॅरेजमध्येच काढून ठेवायला लावतात.

गेल्या खेपेला भारतातून येताना त्यांनी निपाणीचा जर्दा पावशेर आणला. व्हर्जिनिया सत्तर टक्के, लताकिया वीस, जर्दा दहा. विटेखाली दाबून ठेवलं, बरणी भरली. नाव ठेवलं 'वेदगंगा मिक्स्चर'. इंग्रज आपल्या पेन्झन्स गावाचं नाव तंबाखूला देतात, आपण आपल्या नदीचं द्यायला काय हरकत आहे, असा सवाल होता आणि त्याला उत्तर नव्हतं. एक बरणी पेनसिल्व्हेनियाला गेली. दुसरी आमच्यासमोर उघडली.

वास खरंच चांगला होता. मी अंजीर म्हणालो नाही, हे नानांच्या लक्षात आलं आणि त्यांना बरं वाटलं. तीन चिमटी, दोन काड्या. पहिला झुरका घेऊन नाना गप्प राहिले. दुसऱ्याला कपाळावर घाम आला. तिसऱ्याला उचकी लागली. विडीच्या पानातलं निकोटीन पायपात सावकाश ओढलं तरी आपला इंगा दाखवतंच. उचकी थांबेना. पाणी झालं, साखर झाली, श्वास रोखून झाला. वहिनी दारातून म्हणाल्या, "निपाणीला कोणीतरी आठवण काढतंय." नाना उचक्यांच्या मधल्या जागांत एवढंच म्हणाले, "दहा टक्के... जास्त... पाच..."

पेनसिल्व्हेनियाहून आठवड्याने उत्तर आलं. माझ्या माणसाने सभ्य भाषेत लिहिलं होतं, पान विलक्षण आहे, धैर्य त्याहून विलक्षण आहे, आणि मिश्रण उमेदीचं असलं तरी त्याला अजून पाच वर्षं तरी लागतील. दोन नव्हे, पाच. नानांनी ते पत्र छापून गॅरेजच्या भिंतीला लावलं आहे. वहीत नंबर लागला नसला तरी उमेदवारी मान्य झाली, असा त्याचा अर्थ ते लावतात, आणि मलाही तो लावायला हरकत वाटत नाही.

तेव्हा शनिवारी दुपारी एडिसनकडून जाणार असाल आणि ते हातभर उघडं दार दिसलं, तर जरूर डोकवा. चहा मिळेल, स्टीफन मिळेल, केचपची गोष्टही मिळेल. डबा पुढे आला तर बेधडक अंजीर म्हणा. फक्त वरच्या फळीच्या डाव्या कोपऱ्यात 'वे. मि.' लिहिलेली बरणी आहे, तिच्याकडे नाना वळायला लागले, की गाडी लावलेल्या जागेची वेळ संपली असं सांगून निघा.