चाकशास्त्री

सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणी परक्या गाडीच्या चाकाशी उकिडवा बसून, मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात रिमवरचे आकडे वाचताना दिसला, तर चोर-चोर म्हणून ओरडू नका. तो चाकशास्त्री आहे. तुमची गाडी किती सीसीची, ॲव्हरेज किती देते, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. चाकं फिरवायला काहीतरी लागतं, म्हणून तो बाकीची गाडी चालवून घेतो.

रिम आणि गाडीची पत्रिका तो रीतसर जुळवतो. आधी पीसीडी. "काका, तुमच्या जुन्या स्विफ्टला 4 बाय 100. चार नट, 100 मिलिमीटरच्या वर्तुळावर. 108 चं रिम आणलंत, तर मुहूर्त काढूच नका!" मग मधलं भोक. ते हबपेक्षा मोठं निघालं तर रिंग हवीच, नाहीतर हायवेला स्टिअरिंग थरथरतं. टायरची गणितं त्याला तोंडपाठ. 185/65 आर 15 चा व्यास 621.5 मिलिमीटर, 195/55 आर 16 चा 620.9. "रिम इंचाने वाढलं, पण स्पीडोमीटरला पत्ता नाही!"

ऑफसेटपाशी आला की तो आवाज खाली आणतो. रिमची मध्यरेषा आणि हबला टेकणारी बाजू यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. मोटारीला तो बहुधा अधिक चिन्हाचा असतो, आणि आकडा जेवढा कमी तेवढं चाक बाहेर. "सहा इंची रिम काढून सात इंची घातलंत आणि ऑफसेट 45 चा 25 केलात, की ऑफसेटचे 20 आणि रुंदीचे 12.7. बाहेरची कड 32.7 मिलिमीटर बाहेर! आर्चला घासणारच. काका, तुम्ही 40 च्या खाली उतरू नका."

काका उतरत नाहीत. हा उतरतो. स्वतःच्या गाडीला त्याने नेमकं तेच सात इंची, 25 चं रिम घातलंय, वर स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवलीय. एरवी दशांशाशिवाय न बोलणारा हा माणूस टायर आणि आर्च यांच्यातली फट मात्र बोटांनी मोजतो. "दोन बोटं आहे, चालतंय." एकटा असला की चालतंही. चौघे बसले की खर्र सुरू होतं. म्हणून पाहुणे आले की तो आधी त्यांची वजनं विचारतो, आणि वजनदार मामांना मानाने पुढे बसवतो. पसरणी घाटात दर वळणावर टायर ओरडू लागला, तेव्हा घरची मंडळी वाईला परत आली आणि एसटीने पाचगणीला गेली. हा मागून पोचला. उतरल्याबरोबर चार पावलं मागे जाऊन त्याने गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "पण स्टान्स बघा!"

अलॉय घ्यायची असतील तर दुकानात जाण्याआधी याला जरूर विचारा. आकड्यात तो चुकणार नाही, आणि दुकानदाराची थाप लगेच पकडेल. तो सांगतो तेच घ्या. त्याने बसवलंय ते घेऊ नका.