अर्धा डिग्री पुढे

दहिसर चेकनाका ही मुंबईत इंजिनं ऐकायची सर्वांत उत्तम जागा आहे, असं टायमिंगकाकांचं मत आहे. गुजरातकडून येणारा ट्रक असो की काशिमिऱ्याहून उधळत आलेली बुलेट, इथे सगळ्यांना वेग टाकून रांगावं लागतं, आणि रांगणाऱ्या इंजिनाला काही लपवता येत नाही. काका मेथीची जुडी काखेत धरून, मान तिरकी करून निकाल देत राहतात. ‘रिटार्ड आहे.’ ‘हा फार पुढे गेलाय, नॉक करतोय.’ कोणी विचारलेलं नसतं. बुलेटवाला मात्र सिग्नल सुटेपर्यंत आपल्याच टाकीकडे संशयाने बघत बसतो.

ठिणगी पडल्यापासून मिश्रण पेटून पूर्ण दाब यायला थोडा वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचायच्या जरा आधीच ठिणगी टाकायची असते. किती आधी, एवढाच प्रश्न, आणि त्यालाच टायमिंग म्हणतात: ठिणगी जास्त आधी ती ‘पुढे’ किंवा ॲडव्हान्स, उशिरा ती ‘रिटार्ड’. या एवढ्याशा प्रश्नावर काकांचं सगळं निवृत्त आयुष्य उभं आहे. ‘कंपनी टायमिंग लावते ते भित्र्या गिऱ्हाइकासाठी,’ हा त्यांचा मूळ सिद्धान्त. नोकरीत वरच्यांनी ठरवलं, घरात काकूंनी ठरवलं, सोसायटीत कमिटीने ठरवलं. स्वतः ठरवायला त्यांच्या वाट्याला कंपनीच्या आकड्यापुढचा हा अर्धा डिग्रीच तेवढा आला, आणि तो ते सोडायला तयार नाहीत.

मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी सीएनजीवर गेल्या तो काकांचा सुवर्णकाळ. गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून ठिणगी आणखी आधी हवी. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करायचा आणि तो केसभर फिरवायचा. टॅक्सीवाले पैसे देत नसत, पण ‘साहेब, पिकअप आला’ म्हणत. काकांना तेवढं पुरे. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली, त्या दिवशी त्यांनी दाढी केली नाही. आता ईसीयूचे, म्हणजे इंजिनातल्या कॉम्प्युटरचे दिवस आहेत. गाडी स्वतःचं टायमिंग स्वतः ठरवते, आणि मुलांनी लग्न परस्पर उरकून टाकावं तसं काकांना ते लागतं.

उरली त्यांची टू-स्ट्रोक मोटरसायकल, राजदूत ३५०. यामाहा आरडी ३५०चा हा देशी अवतार एस्कॉर्ट्सने १९८३ साली आणला. दोन सिलिंडर, म्हणून उघडताना ठिणगी टाकणाऱ्या पॉइंटच्या दोन जोड्या, म्हणून खटपट दुप्पट. दर रविवारी प्लग काढून त्या भोकात पिस्टनची उंची मोजायला डायल गेज बसतो. पिस्टन वर पोचायच्या २ मिलिमीटर आधी पॉइंट उघडले पाहिजेत, असं कंपनी सांगते. पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटावरचा पारदर्शक कागद अडकवलेला असतो. तो सुटला की पॉइंट उघडले. (काका सिगारेट ओढत नाहीत. पाकिटं पानवाल्याकडून येतात आणि काकूंचा त्यावर अजून विश्वास बसलेला नाही.) मग काका आकडा थोडा पुढे घेतात आणि नॅशनल पार्कपर्यंत चक्कर मारून येतात. इंजिन टकटक करतं. थोडं मागे घेतात. पुन्हा चक्कर. दुपारी अडीचला, आमटी दुसऱ्यांदा गरम झाल्यावर, काटा बरोब्बर २ मिलिमीटरवर येऊन थांबतो. ‘बघ,’ काका म्हणतात, ‘आता लागलं.’

अशा सुखी आयुष्यात ऑकलंडच्या पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. त्याने जुनी माझ्दा आरएक्स-७ घेतली होती, तिला मोठा टर्बो आणि नवा ईसीयू बसवला होता आणि बेस टायमिंग लावायचं होतं. इंजिन रोटरी. पिस्टन नाही, तिकोनी रोटर कवचात फिरतो. व्हॉल्व्ह नाहीत, नुसते पोर्ट, आणि थोडं ऑइलही जाळतं, हे कळल्यावर काका खूश झाले. ‘म्हणजे टू-स्ट्रोकच्याच भावकीतलं!’ ऑकलंड दहिसरच्या साडेसहा-साडेसात तास पुढे असतं. ‘एवढं ॲडव्हान्स बरं नव्हे’ हा विनोदही करून झाला.

मग घात झाला. काकांनी विचारलं, ‘डायल गेज कुठे टेकवायचा?’ कुठेच नाही. वर-खाली जाणारं काही नाहीच. एकेका रोटरला दोन प्लग, लीडिंग आणि ट्रेलिंग. आणि आयडलिंगला कंपनीचं सेटिंग काय? लीडिंग उणे ५ डिग्री, ट्रेलिंग उणे २०. उणे म्हणजे टीडीसी (मिश्रण सर्वांत जास्त दाबलं जातं तो क्षण) उलटून गेल्यावर! जन्मभर ठिणगी आधी टाकत आलेल्या माणसाला कोणी सांगावं की इथे वरात गेल्यावर बँड वाजतो, तसे काका बघत राहिले. ‘वेग वाढला की ॲडव्हान्स होतं, काका,’ पुतण्याने धीर दिला. त्या संध्याकाळी चेकनाक्यावरून गेलेल्या एकाही गाडीला निकाल मिळाला नाही.

पण ही जात खचून बसणारी नव्हे. काकांनी अभ्यास केला आणि सोसायटीला त्याचा त्रास झाला. १९९१ साली ल माँची शर्यत जिंकणाऱ्या माझ्दाच्या प्रत्येक रोटरला तीन प्लग होते, हे लिफ्टमध्ये सगळ्यांना कळलं. ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानाचं देशी वँकेल (म्हणजे रोटरीच) इंजिन २००९ साली उडालं आणि त्याचं इग्निशन नगरच्या व्हीआरडीई या संशोधन संस्थेत झालं, हे पाण्याच्या टाकीवरच्या सभेत सांगण्यात आलं. ‘म्हणजे रोटरीची ठिणगी मूळची आपलीच,’ असा निष्कर्ष निघाला आणि टाकीचा विषय पुढच्या सभेवर गेला.

अखेर कॉल जुळला. ईसीयूत टायमिंग उणे ५वर कुलूपबंद करायचं, पहिल्या रोटरच्या लीडिंग वायरला टायमिंग लाइट लावायचा, पुलीवरची खूण पिनेसमोर येते का बघायचं. दहिसरहून हुकूम सुटू लागले. पुढे. मागे. केसभर पुढे. ‘जास्त गेलं तर रोटरच्या टोकाचं ॲपेक्स सील तुटेल, काका, इंजिन उघडावं लागेल,’ असं पुतण्या कळवळून सांगत होता. तिकडे मध्यरात्र उलटली, शेजाऱ्यांच्या खिडक्या उजळल्या, आणि खूण पिनेसमोर येऊन स्थिर झाली. उणे ५. कंपनीने छापलेलं तेच.

‘कंपनीने बरोबर केलंय,’ काका उदारपणे म्हणाले. ‘पण आपण तपासल्याशिवाय कसं कळणार?’

दुसऱ्या दिवशी पुतण्याचा मेसेज आला: ‘काका, वरच्या आरपीएमला अर्धा डिग्री पुढे घेऊन बघू का?’

काकांनी चष्मा पुसला, दोन बोटांनी टाइप केलं: ‘अर्धाच?’