आज किती जनरेशन?

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू होऊन तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळू लागल्यापासून महाराष्ट्रातील मध्यमवर्गात ज्या सौरगृहस्थाची संख्या झपाट्याने वाढली आहे, त्याचे ठळक लक्षण असे की, बाहेर ऊन पडले आहे किंवा नाही हे तो खिडकीतून न पाहता मोबाइलमध्ये पाहतो. तो बहुधा सेवानिवृत्त असतो. पॅनेलांतून येणाऱ्या दिष्ट प्रवाहाचे घरगुती उपकरणांना चालणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणारा इन्व्हर्टर दर पाच मिनिटांनी ॲपवर अहवाल धाडतो, आणि असा आज्ञाधारक कनिष्ठ संपूर्ण नोकरीत लाभलेला नसल्याने, जिन्यातल्या त्या पेटीविषयी गृहस्थाला वाटणारा जिव्हाळा समजण्याजोगा आहे.

एका किलोवॅटमागे दिवसाला सुमारे चार युनिट हे सर्वसाधारण प्रमाण त्याला पाठ असते. त्याहून कमी जनरेशन झाल्यास संशयाची सुई प्रथम धुळीकडे, मग कबुतरांकडे आणि अखेरीस शेजाऱ्याच्या नारळाकडे वळते, कारण साडेतीनच्या सुमारास आलेखाला पडणारा खळगा आणि झावळीची सावली यांचा संबंध त्याने वहीत नोंदवून सिद्ध केलेला असतो. एप्रिलच्या रणरणत्या दुपारी विक्रमाची अपेक्षा करावी, तर नेमका आकडा घसरतो. पॅनेलमधील सिलिकॉनचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे क्षमता साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते, हे तो पाहुण्यांना सविस्तर समजावतो, मात्र त्याआधी संच बसवणाऱ्याला तीन फोन झालेले असतात.

नेट मीटरिंग, म्हणजे ग्रिडला दिलेले युनिट बिलातून वजा करण्याची पद्धत, तिचे गणित तोच इतरांना शिकवतो. त्या गणितानुसार इस्त्री दुपारी केली काय किंवा रात्री, बिलात फारसा फरक पडत नसतानाही मिक्सर, इस्त्री आणि वॉशिंग मशीन यांना घरात बारा ते दोन हाच मुहूर्त असतो. ‘अहो, आभाळ भरून आलंय, पापड उचला’ असे पत्नीने गच्चीवरून ओरडून सांगितले, तरी ॲपवर २.४ किलोवॅट दिसत असल्याने तो जागचा हलत नाही; वायफाय अर्ध्या तासापूर्वीच गेले आहे आणि आकडा तेव्हाचा आहे, हे पापड भिजल्यावर कळते.

त्याची खरी कसोटी भर दुपारी लाईट गेल्यावर लागते. ग्रिड बंद पडताच बॅटरी नसलेला ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टरही स्वतःहून थांबतो. तसे न झाल्यास गच्चीवरची वीज तारांत शिरून खांबावरच्या वायरमनच्या जिवावर बेतेल. ‘तुमच्याकडे सोलर आहे ना, मग पंखा का बंद?’ असे विचारणाऱ्या, स्वतःच्या घरी साध्या बॅटरीवर पंखा चालू ठेवून आलेल्या शेजाऱ्याला ही सारी तांत्रिक शिस्त त्याला त्याच महिन्याच्या शून्य युनिटांच्या बिलाने वारा घेत पटवून द्यावी लागते.