मॉडेल बसेल तर शपथ

हौशी पक्षिचित्रकाराचा पहिला छळ मांडतो तो नाचण. शेपटीचा पंखा उघडत-मिटत हा चिमुकला या फांदीवरून त्या फांदीवर भिरभिरतो आणि पेन्सिल कागदाला टेकेपर्यंत झाडही बदलतो. पुण्यात पाषाण तलावाच्या काठी वही उघडून बसलेल्या माणसाच्या पानांवर म्हणूनच शेपट्या पुष्कळ असतात, पक्षी एकही नसतो.

पक्षिचित्रकार जॉन जेम्स ऑड्युबॉनने यावर जालीम उपाय शोधला होता. तो आधी पक्ष्याला गोळी घालायचा, मग तारा खुपसून हव्या त्या पवित्र्यात उभा करायचा. १८२७ ते १८३८ या काळात निघालेल्या ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’तली ४३५ चित्रं बव्हंशी अशा बिनतक्रार मॉडेलांची. शिवाय पक्षी मूळ आकारातच हवा, हा हट्ट. कागद तीन फुटांहून उंच, तरी रोहित पक्षी मावेना. शेवटी त्याची मान खाली वळवावी लागली.

इंग्रज चित्रकार एडवर्ड लिअर त्यापेक्षा भला माणूस. ऐन तारुण्यात तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जिवंत पोपटांसमोर बसला. चित्रं बघायला गर्दी जमे, तेव्हा त्याने कागदाच्या कडेला त्या बघ्यांचीच चित्रं काढून ठेवली.

आपल्याकडचे बघे सल्लाही देतात. “खंड्याला निळा कमी पडलाय,” हा ठरलेला. खरं तर खंड्याच्या निळ्या पिसांत निळं रंगद्रव्यच नसतं. पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश विखुरतो आणि डोळ्यांना निळाई दिसते. हे ऐकून घेतल्यावर सल्लागार म्हणतो, “मग कंपनी बदलून बघा.”

घरचे परीक्षक तर आणखी कडक. हिवाळ्यात भिगवणला जाऊन, उजनीच्या चिखलात बुटांची वाट लावून रोहित रंगवून आणावा, तर घरी निकाल लागतो: “गुडघा उलटा वाकलाय!” तो गुडघा नसून घोटा असतो, खरा गुडघा वर पोटाशी पिसांत दडलेला असतो. पण चहा मिळेपर्यंत वाद न घातलेला बरा.

नवशिक्याने ढोकरी धरावी. पाण्याकाठी मासळीवर डोळा ठेवून ती हवा तेवढा वेळ पुतळ्यासारखी उभी राहते आणि तिला रंगही मातकटच लागतो. फक्त पंखांवर आधीच रंग फासू नका. उडाली की ते पांढरेशुभ्र निघतात आणि जलरंगात पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद.