पाठ नसलेली पैठणी

दूरचित्रवाणीवरील नटाच्या वेशभूषेचा 'प्रवास' पुरवण्यांतून सचित्र प्रसिद्ध होत असतो, आणि त्यातले टप्पे ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या कोणत्याही रहिवाशास आता तोंडपाठ आहेत : एकांकिकांच्या दिवसांतला चुरगळलेला झब्बा आणि खांद्याला शबनम, घोडबंदर रोडवरच्या चित्रीकरणास नियमित जाणे सुरू होताच गुडघ्यावर हेतुपुरस्सर फाडलेली जीन्स, मालिका लांबली, की सूर्यास्तानंतरही न उतरणारा गॉगल, आणि अखेरीस, जिच्यापुढे उत्क्रांतीलाही वाट उरत नाही, ती पैठणीची बंडी.

पहिल्या तीन अवस्थांविषयी आमची तक्रार नाही. फाटकी जीन्स निदान वारा खेळता ठेवते. बंडीचे मात्र स्वतंत्र दफ्तर उघडले पाहिजे. १९७२ साली मुंबईत दूरचित्रवाणी अवतरली तेव्हा पडदा कृष्णधवल होता, त्यामुळे मोरपिशी आणि राखाडी यांत भेद उरत नव्हता. १९८२ साली रंग आले, तरी पैठणी पुढे कित्येक वर्षे स्त्रियांच्या कपाटात पूर्वापार वहिवाटीने नांदली. तिचा फेरफार पुरुषांच्या छातीवर कोणी मंजूर केला, याची नोंद कोणत्याही मामलेदाराकडे सापडावयाची नाही.

ताबा मात्र निर्विवाद आहे. गुढीपाडव्याच्या सकाळी फडके रोडवर स्वागतयात्रेचे प्रमुख पाहुणे मोटारीतून उतरतात ते दोन मोरांसह : एक डाव्या छातीवर, दुसरा उजव्या, आणि मध्ये सोनेरी गुंड्यांची सरहद्द. पाहुण्यांनी हात जोडले, की मोर परस्परांस भेटतात. हात उंचावले, की दोघेही बगलेच्या दिशेने प्रस्थान ठेवतात. घाईत एखादी गुंडी चुकीच्या काजात गेली, तर उजवा मोर डाव्याहून बोटभर वरिष्ठ ठरतो, आणि पाहुणे मराठी अस्मितेवर बोलत असताना समस्त श्रोतृवर्ग ती सेवाज्येष्ठता न्याहाळत बसतो. मग पाहुणे रथावर चढण्यासाठी वळतात, आणि मागे उभ्या असलेल्या आम्हा पामरांस संस्कृतीची पाठ दिसते. ती काळ्या सॅटिनची असते. मोर नाही, मुनिया नाही, नारळी काठ तर नाहीच; केवळ अस्तर, आणि त्यावर घट्ट-सैल करावयाचा एक पट्टा.

येथे आमचा विनोद संपतो. येवल्याचा विणकर महिनोन्महिने मागावर बसून अस्सल पैठणी अशी विणतो, की तिचा पदर उलट बाजूनेही सुलट बाजूसारखाच दिसावा. जे कोणी पाहणार नाही तेही चोख असावे, हे त्या वस्त्राचे ब्रीद. त्यातून कॅमेऱ्यापुरते दोन तुकडे कातरावेत, मागे फडतूस अस्तर ठोकावे, आणि त्यास परंपरेचे जतन म्हणावे, ही शुद्ध लबाडी आहे! आणि या लबाडीची मोटार कल्याण-शीळ रस्त्यावर अडकली म्हणून लेझीम पथकातली शाळकरी मुले चैत्राच्या उन्हात, अनवाणी, तिष्ठत ठेवावयाची. दोष रस्त्याचा आहे हे मान्य, पण यात्रा पाहुण्यांवाचून निघू शकत नाही असा फतवा काढला कोणी?

यास्तव आमचा रीतसर अर्ज आहे, की येत्या पाडव्यापासून प्रमुख पाहुण्यांनी व्यासपीठावर जनतेकडे पाठ करूनच उभे राहावे. आणि त्यांचे मानधन छातीच्या भावाने नव्हे, पाठीच्या भावाने चुकते करावे.